मुक्काम पोस्ट सिडको

एक्स्चेंज विद्यार्थी म्हणजे साधारण 15 ते 18 वर्षांचं असं मूल, ज्याचं स्वतःच्या आईचं ऐकायचं वय संपत आलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच त्याला वर्षभरासाठी परदेशातल्या दोन-तीन अनोळखी आयांच्या हवाली केलं जातं. कागदोपत्री याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात. व्यवहार सरळ आहे. आमचं मूल तुमच्याकडे, तुमचं आमच्याकडे, आणि वर्ष संपलं की दोन्ही जसंच्या तसं परत. जसंच्या तसं परत येत नाही, ही तक्रार दोन्ही पक्षांची असते. आशियात ही मुलं जपानला जातात, तैवानला जातात, थायलंडला जातात आणि काही भारतात येतात. भारतात आलेल्यांपैकी सगळीच मुंबई-पुण्याला राहत नाहीत. एखादी मुलगी छत्रपती संभाजीनगरात सिडको वसाहतीच्या एखाद्या एन-क्रमांकाच्या भागात येऊन पडते. या लेखात तिचा विचार केला आहे. मुलगा असला तरी बाकी सगळं तेच. फक्त पोळी लाटतानाच्या फोटोऐवजी हातात बॅट देऊन फोटो काढतात.

प्रथेचा इतिहास फार जुना नाही. 1927 मध्ये फ्रान्समधल्या नीस इथल्या रोटरी क्लबने अशी पहिली देवाणघेवाण घडवली आणि सुरुवातीला ती युरोपापुरती राहिली. दुसरीकडे, महायुद्धांत रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या एएफएस या संघटनेने 1947 पासून शाळकरी मुलांची ने-आण सुरू केली. जखमी सैनिकांना तोफांच्या माऱ्यातून बाहेर काढण्याचा अनुभव पाठीशी असलेल्या माणसांनी पुढे किशोरवयीन मुलांचं काम अंगावर घ्यावं, यात सुसंगती आहे. रोटरीत शैक्षणिक वर्षभराचा मुक्काम दीर्घ मुदतीचा आणि काही दिवसांपासून तीनेक महिन्यांपर्यंतचा अल्प मुदतीचा मानला जातो. दीर्घ मुदतीत मुलगी ओळीने दोन-तीन कुटुंबांकडे राहते, शाळेत नाव घालते आणि यजमान क्लबकडून महिन्याला थोडे खाऊचे पैसे घेते. अंतिम हेतू जागतिक शांतता हा आहे. तो कितपत साधतो हे मोजणं अवघड, पण जिच्या आईला रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ‘जेवलात का?’ विचारलं त्या मुलीच्या देशावर चाल करून जाणं कोणत्याही घराला जड जाईल.

परदेशी पोरगेल्या माणसांची या भागाला मुळात सवय आहे. शहर वसवणारा मलिक अंबरच बाहेरचा. इथिओपियात जन्मला, कोवळ्या वयात गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि 1610 मध्ये खडकी गावी त्याने निजामशाहीची राजधानी थाटली. स्वखुशीने घर सोडलेल्यांत निकोलाओ मनुचीचं नाव घ्यावं लागतं. व्हेनिसचा हा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी जहाजात लपून निघाला आणि 1656 मध्ये भारतात पोचला. त्याने दारा शुकोहच्या तोफखान्यात चाकरी केली, मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांना पाहिलं, आणि वैद्यकाचं शिक्षण नसताना वैद्यकी केली. आता तिच्यासाठी ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते. त्याला ना विमा होता ना यजमान कुटुंब, आणि परतीचं तिकीटही नसल्यामुळे तो परतलाच नाही. दीर्घ मुदतीच्या मुक्कामाचं याहून दीर्घ उदाहरण नाही.

आजच्या विद्यार्थिनीला मात्र कागदपत्रं लागतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. मुलीला कोणतं शहर मिळालं हे कळताच तिकडचे आईवडील नकाशा उघडतात. जुन्या नावाने शोधलं तर बिहारमधलं औरंगाबाद निघतं, आणि काही दिवस सगळं कुटुंब त्या गावचं हवामान पाठ करतं. महाराष्ट्रातल्या शहराचं नाव फेब्रुवारी 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं; रेल्वे स्थानकाचं नाव बदलायला ऑक्टोबर 2025 उजाडला. मधली अडीच वर्षं माणूस एका गावात राहत होता आणि गाडी दुसऱ्या गावाहून पकडत होता. शाळेच्या अर्जावर ज्याचं एक नाव, निमंत्रणपत्रावर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरं, त्या शहराचा पत्ता मुलीला तोंडपाठ व्हायला पहिला महिना जातो. त्यातही ‘सिडको, एन-फाइव्ह, पाण्याच्या टाकीजवळ’ एवढंच खरं उपयोगाचं असतं.

आगमन बहुधा जुलै-ऑगस्टात होतं. अंगात गडद निळा ब्लेझर असतो आणि त्यावर जगभरच्या इतर विद्यार्थ्यांशी अदलाबदल करून मिळवलेल्या पिना टोचलेल्या असतात. हा ब्लेझर युरोपच्या हवेला धरून शिवलेला आहे, हे चिकलठाणा विमानतळाबाहेर पाऊल टाकताच कळतं. स्वागताला हार, नारळ, क्लबचा बॅनर आणि दहा-बारा माणसं हजर असतात. मुलीला वाटतं, हे सगळं यजमान कुटुंब. त्यांतले चौघंच घरचे असतात. बाकीचे ‘सहज आलो होतो’ या गटातले. परकीय नागरिक घरी उतरल्याची माहिती यजमानाने 24 तासांत कळवायची असते आणि व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. सरकारला हे सांगायला 24 तास मिळतात, पण गल्लीला ते आधीच माहीत असतं. मुलगी कोणत्या देशाची, काय खाते, वडील काय करतात आणि एकुलती आहे की नाही, ही माहिती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बॅगा वर चढायच्या आत पोचते.

या वर्षाचा खरा विषय इथे सुरू होतो. माहितीपुस्तिकेत तो छापलेला नसतो. तिकडे मुलीला स्वतःची खोली असते आणि खोलीला दार असतं. इथेही खोली मिळते, दारही असतं, पण ते लावण्यासाठी आहे असं कुणाला वाटत नाही. पहिल्या रविवारी दुपारी मुलगी दार लावून पुस्तक वाचत बसते. पाच मिनिटांनी काकू चहा घेऊन येतात. दहाव्या मिनिटाला आजी येऊन कपाळाला हात लावून बघतात. पंधराव्या मिनिटाला काका दाराबाहेरून ‘एव्हरीथिंग ओके?’ असं विचारतात आणि संध्याकाळी क्लबच्या समुपदेशकाला फोन जातो, की पोरगी आईच्या आठवणीने बेजार दिसते. एकटं बसणं हा आजार आहे आणि त्यावर लिंबू सरबत हा उतारा आहे, हे तिला लवकरच उमजतं. पुढे ती शहाणी होते. एकांत हवा असेल तर न्हाणीघरात जाते.

न्हाणीघरातही फार वेळ काढता येत नाही, कारण पाणी. शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. 1976 मध्ये उद्घाटन झालेलं हे धरण देशातल्या मोठ्या जलाशयांत गणलं जातं आणि सुमारे 50 किलोमीटरवर आहे. इतक्या जवळ इतकं पाणी असल्यामुळे ते नळाला रोज येत असेल, असा मुलीचा समज असतो. ते बऱ्याच भागांत आठवड्यातून एकदा येतं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, आणि येण्याची वेळ पहाटे तीनही असू शकते. त्या दिवसाला ‘पाण्याचा दिवस’ म्हणतात. मोटार लावायची, हौद भरायचा, गच्चीवरची टाकी भरायची, मग पिंप, कळशी, बादल्या आणि शेवटी स्वयंपाकघरातली चहाची पातेली. त्या दिवशी लग्न, परीक्षा आणि ताप या तिन्ही गोष्टी दुय्यम असतात. ज्या देशात पावसाला कंटाळून माणसं गाव सोडतात तिथून आलेली मुलगी चौथ्या महिन्यात पहाटे उठून ‘काकू, पाणी!’ असं ओरडते, तेव्हा ती शहराची झाली असं समजायला हरकत नाही. आंघोळ एका बादलीत कशी करायची हे तिला समजावून सांगितलेलं असतं. सणाच्या दिवशी तेवढ्याच बादलीत केसही धुवायचे असतात, हे तिचं तिला शोधावं लागतं.

अशा मुलीला पाणचक्की दाखवायला नेण्यात थोडा निर्लज्जपणा आहे, पण प्रत्येक कुटुंब नेतं. तिथे वाटाड्या अभिमानाने सांगतो की डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी मातीच्या नळांतून उताराने शहरात आणलं जायचं, मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर बांधली, आणि पुढे पाणचक्कीवर याच युक्तीने जातं फिरायचं, कोणतंही यंत्र न लावता. मुलगी विचार करते आणि विचारते, की मग आता आठ दिवसांनी का येतं? या प्रश्नावर वाटाड्या, काका आणि सोबत आलेले दोन नातेवाईक मिळून महानगरपालिका, राज्य सरकार, नाशिकची धरणं आणि समांतर जलवाहिनी यांवर अर्धा तास चर्चा करतात. तिला त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण नागरिकशास्त्राचा हा तास वर्षातला सर्वांत जिवंत तास असतो.

जेवणाबद्दल फार लिहायची गरज नाही. प्रत्येक परदेशी माणसाला तिखट लागतं आणि प्रत्येक यजमानीण ‘यात मी तिखट घातलंच नाही’ म्हणते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट आग्रहाची आहे. निघण्याआधीच्या प्रशिक्षणात मुलीला बजावलेलं असतं, की यजमानांनी दिलेलं अन्न नाकारू नये. इकडे काकूंना लहानपणापासून शिकवलेलं असतं, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसू नये. दोन्ही पक्ष आपापलं शिक्षण प्रामाणिकपणे पाळतात आणि मुलगी पहिल्या महिन्यात चार किलोंनी वाढते. ‘अर्धी’ नावाची पोळी प्रत्यक्षात पूर्ण असते, ती दोन अर्ध्यांत वाढली जाते आणि दुसरी अर्धी ‘एवढीशी काय ठेवायची’ म्हणून येते. ताटावर दोन्ही हात आडवे धरून थांबवायची कला साधायला दिवाळी उजाडते. ज्वारीची भाकरी, ठेचा, येसर, धपाटे यांतलं बरंच काही तिला मनापासून आवडूही लागतं. सुशीला हा नाश्त्याचा पदार्थ आहे, शेजारच्या काकू नव्हेत, हेही लक्षात येतं. गुलमंडीची इमरती पहिल्याच आठवड्यात होते. नान-कलिया मात्र शाकाहारी कुटुंबाच्या वाट्याला आलेल्या मुलीला तिसऱ्या घरी जाईपर्यंत मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा पहिल्या घरी त्याची वाच्यता करायची नाही असं ठरतं.

शिक्षण हा कार्यक्रमाचा अधिकृत हेतू आहे, म्हणून मुलीला अकरावी विज्ञानाला घालतात. युरोपातून किंवा दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या मुलीने भारतीय वर्गाबद्दल बरंच वाचलेलं असतं: गर्दी, शिस्त, एका बाकावर तिघं. पहिल्या दिवशी ती वर्गात जाते तेव्हा तिथे प्राध्यापक असतात, फळा असतो आणि ती असते. बाकीचा वर्ग क्लासला गेलेला असतो. मराठवाड्यात लातूर पॅटर्नचा मान मोठा आहे आणि ‘नीट’च्या 180 प्रश्न, 720 गुण या आकड्यांभोवती हजारो घरांचं वेळापत्रक फिरतं. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालय ही नाव घालायची जागा असते, शिकायची जागा दुसरीकडे असते. प्राध्यापकांना मात्र अनेक वर्षांनी विद्यार्थी मिळालेला असतो. ते तिला पूर्ण तास शिकवतात, शंका विचारा म्हणतात आणि तिने शंका विचारली की भारावतात. वर्गमित्रांची तिची खरी गाठ प्रात्यक्षिकाच्या दिवशी पडते, कारण जर्नलवर सही लागते. तिथे ती लोलकाचा प्रयोग मन लावून करते, आलेलं उत्तर लिहिते आणि ते पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही म्हणून चिंतेत पडते. तेव्हा शेजारची मुलगी प्रेमाने सांगते, की उत्तर आधी लिहायचं आणि निरीक्षणं त्यावरून काढायची. विज्ञानाच्या इतिहासात या पद्धतीचं नाव सापडत नाही, पण सही मिळते.

दुसरा शैक्षणिक व्यवहार घराच्या अंगणात चालतो. परदेशी मुलगी म्हणजे इंग्रजी, हे समीकरण गल्लीत पक्कं असतं. ती ब्राझीलची असो, तैवानची असो वा फ्रान्सची, संध्याकाळी पाच वाजता आसपासच्या चार आया आपापली पोरं घेऊन येतात आणि ‘हिच्याशी इंग्लिशमध्ये बोल’ म्हणून सोडून जातात. खरं तर पुष्कळदा मुलीला स्वतःलाच इंग्रजी धड येत नसतं. तीच इंग्रजी सुधारायला भारतात आलेली असते. त्यामुळे पोर्तुगीज बोलणारी सोळा वर्षांची मुलगी आणि मराठी बोलणारा नऊ वर्षांचा मुलगा, दोघंही एकमेकांची इंग्रजी सुधारत बसतात. सहा महिन्यांनी तिच्या बोलण्यात ‘माय हेड इज ईटिंग’ अशी वाक्यं येऊ लागतात आणि तिकडची आई व्हिडिओ कॉलवर गोंधळते. हिंदीचं वेगळंच. मोबाईलवरच्या अ‍ॅपातून शिकलेली शुद्ध हिंदी घेऊन ती शहागंजात जाते आणि दुकानदार दख्खनी बोलतो. आठवड्याभरात तिचं ‘नहीं’ सुटतं आणि ‘नक्को’ येतं, तेही योग्य जागी.

या विद्यार्थ्यांना जगभर चार गोष्टींची बंदी असते: दारू, अमली पदार्थ, वाहन चालवणं आणि प्रेमप्रकरण. नियम मोडला तर घरी पाठवतात. युरोपातल्या यजमान कुटुंबांना या नियमांवर लक्ष ठेवणं अवघड जात असेल. संभाजीनगरात त्यातल्या निदान दोन नियमांसाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. ते काम समोरच्या गॅलरीतल्या मावशी विनामोबदला करतात. कॅनॉट प्लेसमध्ये वर्गमित्राबरोबर एक कोल्ड कॉफी घेतली, तर मुलगी घरी पोचायच्या आधी कोल्ड कॉफी घरी पोचलेली असते. दारूबद्दल थोडी विसंगती आहे, कारण या शहराच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता. पण ज्या घरांत या मुली राहतात तिथे बाटली म्हणजे कोकमची. वाहनबंदी तेवढी मनाला लागते, कारण अकरावीचं आख्खं शहर स्कूटरवर असतं. कायदा सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना देतो. तशी दुचाकी दुकानात मागितली तर दुकानदार आधी हसतो. पोरं 110 सीसीवर तिघं बसून जातात आणि नियम पाळणारी परदेशी मुलगी मधली असते.

एरवी ती रिक्षा वापरते. रिक्षाचे फोटो पहिल्याच दिवशी काढून झालेले असतात, पण ही रिक्षा याच शहराबाहेर वाळूजला बनते, हे कुणी सांगितलं तर तिला नवल वाटतं. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 पासून आहे आणि त्यांच्या तीनचाकी परदेशातही जातात. पेरूहून आलेल्या मुलीला तर जालना रोडवरची रिक्षा पाहून घरची आठवण येते, कारण तिच्या गावातही तीच धावते. झेक मुलीला स्कोडा दिसते, आणि ती शेंद्र्यात जोडली जाते. संस्कृतीतला फरक दाखवायला आणलेल्या मुलांना काकांच्या गाडीत बसून आपलंच गाव भेटावं, ही या शहराची खोडी आहे.

बाहेर फिरणं म्हणजे वेरूळ. पहिलं कुटुंब तिला वेरूळला नेतं, हे साहजिक. दुसऱ्या कुटुंबाचं म्हणणं, त्यांनी घाईत दाखवलं असणार. तिसऱ्याकडे पुण्याहून पाहुणे येतात, त्यांना दाखवायचंच असतं तर ही पण चलू दे. कॉलेजची सहल, क्लबच्या पाहुण्यांची सहल, परदेशातून भेटायला आलेले आईवडील, असं करत मुलगी वर्षभरात कैलास लेणं इतक्यांदा पाहते, की 34 लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, नंतरची सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन हे ती झोपेतही सांगते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, वरून खाली कोरत आणलेला डोंगर, हे सगळं ती पुण्याच्या पाहुण्यांना ऐकवते आणि पाहुणे तिच्याबरोबर सेल्फी काढतात. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद हेही तिला पाठ होतं. काकांना होत नाही, म्हणून निदान एकदा तरी शंभर किलोमीटर जाऊन फर्दापूरच्या फाट्यावरून परत यावं लागतं. अजिंठ्यात दहाव्या लेण्याच्या खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 या तारखेसह कोरलेलं आपलं नाव दाखवलं जातं आणि लगेच ‘कुठेही काही लिहू नकोस’ असं बजावलं जातं. बीबी का मकबऱ्यात तिला मनापासून आवडेल असं बरंच असतं, पण सोबतचे सगळे मिळून तो ताजमहालासारखा का नाही हेच समजावत असतात. मकबऱ्यातल्या दिलरास बानूच्या वाट्याला हे साडेतीनशे वर्षं येतं आहे.

सणांचा हंगाम सुरू झाला की तिचा वेळ तिचा राहत नाही. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून कर्णपुऱ्याच्या यात्रेपर्यंत तिला सगळीकडे नेतात, आणि प्रत्येक ठिकाणी आरतीचं ताट तिच्याच हातात येतं. तिच्या हातात ताट असेल तर फोटो छापून येतो, हे मंडळांना माहीत असतं. शहर पुरवणीत ‘परदेशी पाहुणीने धरला ठेका’ हा मथळा वर्षातून एकदा ठरलेला. लग्नसराईत तिची किंमत आणखी वाढते. वराकडची आणि वधूकडची अशा दोन्ही बाजूंनी तिला बोलावणं असतं, नवरा-नवरीपेक्षा तिच्याबरोबर जास्त फोटो निघतात आणि अल्बम पाहताना दहा वर्षांनी घरातली मुलं विचारतात, की ही कोण? कुणाला आठवत नाही, पण तिने श्रीखंड तीनदा घेतलं होतं हे आठवतं.

क्लबच्या सभेत देशाबद्दल भाषण करणं हे तिचं ठरलेलं कर्तव्य. ती पडद्यावर चाळीस चित्रं घेऊन येते. सभा साडेसातची, लोक सव्वाआठला येतात. घंटा, प्रार्थना, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, मागच्या सभेचा वृत्तान्त, मग भाषण. अकराव्या चित्राला जेवणाचा वास सुटतो. बर्फाच्या डोंगरांवर टाळ्या पडतात, संसदेच्या इमारतीवर पडत नाहीत. प्रश्नोत्तरांत तिच्या राष्ट्राच्या इतिहासावर प्रश्न येत नाही. तिकडे इंजिनिअरला पगार किती, भाड्याने घर कितीला, आपल्याकडची शेंगदाण्याची चटणी तिकडे मिळते का, आणि शेवटी एक ज्येष्ठ सदस्य: बेटा, आपल्याकडचं काय आवडलं? ‘पीपल’ हे उत्तर तिला दुसऱ्या सभेपासून येतं.

घर बदलण्याचा प्रसंग मात्र नाजूक. नियमामागचा विचार असा, की एकाच कुटुंबावर भार पडू नये आणि मुलीला वेगवेगळी घरं पाहता यावीत. घरं पाहते हीच अडचण. पहिल्या घरी डिसेंबरपर्यंत राहून दुसऱ्या घरी गेलेली मुलगी दोन्ही स्वयंपाकघरांतली गुपितं जाणून असते: कुठे चकली घरची आणि कुठे आणलेली, कुठे पोळ्यांना बाई आणि कुठे ‘मी स्वतः करते’. दुसऱ्या काकू सहज म्हणून विचारतात, तिकडे नाश्त्याला काय असायचं गं? खरं उत्तर दिलं तर एका घराचा अपमान, खोटं दिलं तर दुसऱ्याचा. दिवाळीत तिन्ही घरांहून फराळाचे डबे येतात आणि तिन्ही डब्यांतला चिवडा चाखून तिला मत द्यावं लागतं. परराष्ट्र खात्यात जाणाऱ्या माणसाला जे पुढे वर्षानुवर्षं शिकावं लागतं ते तिला सोळाव्या वर्षी चिवड्यावर शिकायला मिळतं. बहुतेक जणी ‘डिफरंट बट ऑल गुड’ वर थांबतात. हुशार मुलगी खोकला काढते आणि पाणी मागते. तेही जपून.

जानेवारीत हुरडा पार्टी असते आणि वर्षातला तेवढा एक दिवस कुणी तिच्याकडे बघत नाही, कारण सगळे खाली मान घालून खात असतात. शेकोटीच्या राखेत भाजलेली कोवळी कणसं हातावर चोळून खायची, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. पंखाखाली घेणारी सगळी माणसं शेतात पांगलेली. परतलेल्या मुलींना आवडलेल्या दिवसांत हा दिवस पुष्कळदा निघतो. मग मार्च येतो, पारा चाळिशीकडे सरकतो, पाण्याचा दिवस लांबतो आणि एप्रिलमध्ये दुपारी बाराला शहर बंद होतं. तिला शेवटी एकांत मिळतो, पण कुलरसमोर.

देवाणघेवाणीतली घेवाण सांगितली. देवाण थोडक्यात सांगता येते, कारण ती थोडकीच आहे. नियमाने मुलगी आली तर इथलं मूलही जायला हवं. पण अकरावी-बारावीत वर्षभर बाहेर जाणं म्हणजे ‘वर्ष वाया’, आणि वर्ष वाया गेलेला मुलगा या शहरात आजारी माणसासारखा पाहिला जातो. त्यामुळे घरं अल्प मुदतीवर भागवतात: मे महिन्यात चार आठवडे तिकडचं मूल इकडे किंवा इकडचं तिकडे, क्लास बुडू न देता. जो वर्षासाठी जातो तो बहुधा दहावीनंतर, सगळ्या मामांचा विरोध पत्करून. जपानला गेलेल्या शाकाहारी मुलाला दोन महिन्यांनी कळतं, की रोजच्या सूपचा आधार वाळवलेला मासा होता. तैवानला गेलेल्याचं बरं चालतं; तिथल्या बौद्ध शाकाहारी खाणावळींत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन घरची आजी निर्धास्त होते. जपानमध्ये शाळा मुलंच झाडतात आणि पुसतात. घरी कधी केरसुणीला हात न लावलेला मुलगा हातात फडकं घेऊन वर्ग पुसताना व्हिडिओ कॉलवर दिसला, की त्याची आई आधी रडते आणि मग त्या शाळेचा पत्ता धाकट्यासाठी लिहून ठेवते.

मे-जूनमध्ये परतीची तयारी सुरू होते. बहुतेक आंतरराष्ट्रीय तिकिटांवर एका बॅगेला 23 किलोंची मर्यादा असते, आणि तिन्ही घरांनी आपापली भेट आधीच ठरवलेली असते: हिमरू शाल, पैठणीच्या काठाची पर्स, पितळी गणपती, क्लबचं मानचिन्ह, तांब्याचा लोटा, गोडा मसाला, मेतकूट, दोन प्रकारचे पापड. बॅग घरातल्या वजनकाट्यावर ठेवली की काटा दिसत नाही, म्हणून काका बॅग घेऊन काट्यावर उभे राहतात आणि नंतर स्वतःचं वजन वजा करतात; स्वतःचं ते जरा कमी धरतात, त्यामुळे बॅग नेहमी जड भरते. मग आपापलं सामान काढायची वेळ येते आणि मुलगी येताना आणलेले कपडे, बूट, पुस्तकं काढून देते. ब्लेझर अंगावर चढतो, पिनांसकट, कारण अंगावरचं वजन कुणी मोजत नाही. उरतं लोणचं. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेता येत नाही, आणि तेलात बुडालेलं लोणचं सुरक्षा तपासणीत द्रवात जमा होतं. हे काकूंना सांगितलेलं असतं, दुसऱ्या काकूंना सांगितलेलं असतं आणि आजींना दोनदा सांगितलेलं असतं. आपलं लोणचं कोरडं आहे, असं तिघींचंही म्हणणं पडतं.